‘कॉन्ट्रा’ची शुद्ध प्रत कोणती?

जुन्या व्हिडिओ गेमच्या एखाद्या संग्रहाला अपडेट आलं, की त्याची बातमी दोन ओळींत उरकली जाते. काही खेळ वाढले, काही दोष दुरुस्त झाले, जपानी आवृत्त्या मोफत मिळणार. वाचणाराही तेवढ्यावर थांबतो. त्यामागे एक समजूत आहे: हा खेळ तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच पूर्ण झाला, आता कंपनी त्याची आठवण विकते आहे आणि अपडेट म्हणजे त्या विक्रीवर दिलेली वरकड भेट. याच समजुतीची दुसरी, जरा कडवी बाजू म्हणते की जुन्या खेळाला हातच लावू नये. होता तसा द्यावा.

मला या दोन्ही भूमिका उथळ वाटतात, आणि दोन्हींचा उथळपणा एकाच ठिकाणी आहे. ‘होता तसा’ असा एक ठरलेला खेळ कुठेतरी आहे, असं दोन्ही भूमिका गृहीत धरतात. माझं म्हणणं असं की असा एकच मूळ खेळ बहुतेक वेळा नसतोच. असतात त्या प्रती, त्यांतले पाठभेद आणि त्या चालवणारी यंत्रं. म्हणून संग्रह काढणं हे संपादनाचं काम आहे, प्रत्येक अपडेट ही संपादकाची कृती आहे, आणि तिची पारख संपादनाच्याच कसोट्यांवर व्हायला हवी. हे मी ‘रन-अँड-गन’ या प्रकाराच्या आधारानं मांडतो. यात पात्र सतत पळतं, उड्या मारतं, धावता धावता सगळ्या दिशांना गोळ्या झाडतं. बुद्धिबळाच्या खेळात हालचाल क्षणभर उशिरा दिसली तर काही बिघडत नाही; इथे तेवढ्यात जीव जातो. त्यामुळे प्रतीप्रतींतला फरक या प्रकारात लपत नाही.

१. मूळ एक नाही

कोनामीचा ‘कॉन्ट्रा’ १९८७ साली आर्केडमध्ये आला. त्या यंत्राचा पडदा उभा होता. १९८८ मध्ये तो घरगुती यंत्रांवर आला तेव्हा पडदा आडवा झाला आणि त्याबरोबर लेव्हलांची रचनाही बदलली. घरगुती आवृत्तीही एक नव्हती. जपानमधल्या फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या यंत्राच्या कॅसेटमध्ये कोनामीनं व्हीआरसी-२ ही आपली स्वतःची चिप बसवली होती. तिच्या जोरावर जंगलातली झाडं वाऱ्यानं हलतात, बर्फाळ लेव्हलमध्ये बर्फ पडताना दिसतो, दोन लेव्हलांच्या मध्ये नकाशा आणि छोटी कथादृश्यं येतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या कॅसेटमध्ये यातलं काही नाही. युरोपची गोष्ट आणखी वेगळी. तरुणांना हिंसक साहित्यापासून दूर ठेवणारे जर्मनीतले नियम कडक होते. ते लक्षात घेऊन कोनामीनं बिल रायझर आणि लान्स बीन या दोन सैनिकांच्या जागी यंत्रमानव घातले आणि खेळाचं नाव ‘प्रोबोटेक्टर’ ठेवलं. युरोपातली एक अख्खी पिढी हाच खेळ यंत्रमानवांचा खेळ म्हणून ओळखते, आणि तिची ओळख खोटी म्हणता येत नाही.

हे फरक वरवरचे आहेत असं कोणी म्हणेल, म्हणून १९९४ च्या ‘कॉन्ट्रा: हार्ड कॉर्प्स’कडे पाहू. सेगाच्या मेगाड्राइव्हवरचा हा खेळ त्याच्या काठिण्यासाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकी आवृत्तीत एक गोळी लागली की एक जीव गेला, आणि पुन्हा उभं राहण्याच्या संधी मोजक्याच. जपानी आवृत्तीत मात्र एका जीवात तीन घाव सोसता येतात आणि संधींना मर्यादा नाही. चित्रं तीच, संगीत तेच, शत्रूंच्या चाली त्याच. तरी हे दोन खेळ खेळाडूला दोन वेगळ्या गोष्टी शिकवतात. अमेरिकी प्रत पाठांतर मागते: कोणता शत्रू कुठून येणार हे आधीच ठाऊक नसेल तर निभाव नाही. जपानी प्रत चूक करून पुढे जाऊ देते आणि पहिल्याच खेळीत सगळा देखावा पाहू देते. या खेळाला ‘अतिकठीण’ म्हणणाऱ्यांनी खरं तर एका प्रतीबद्दल मत दिलं आणि ते साऱ्या खेळाला लागू झालं.

कोनामीनं २०१९ च्या जूनमध्ये ‘कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’ हा संग्रह निन्टेन्डो स्विच आणि इतर यंत्रांवर आणला. एम्युलेशनमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राचं वर्तन नव्या यंत्रावर हुबेहूब उभं करण्यात, नाव कमावलेल्या जपानच्या ‘एमटू’ या कंपनीनं तो तयार केला. ‘हार्ड कॉर्प्स’ची ‘प्रोबोटेक्टर’ नावाची युरोपीय प्रत आणि ‘सुपर प्रोबोटेक्टर’ हे त्यात पहिल्यापासून होते, फॅमिकॉमचा ‘कॉन्ट्रा’ही होता, पण तीन घाव सोसणारा जपानी ‘हार्ड कॉर्प्स’ आला तो नंतरच्या मोफत अपडेटनं. त्या अपडेटची नोंद ‘जपानी आवृत्त्यांची भर’ अशी झाली. माझ्या लेखी त्या दिवशी संग्रहातला एक अपुरा ग्रंथ पुरा झाला. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्याशिवाय ‘हार्ड कॉर्प्स’च्या काठिण्याबद्दल बोलायला आधारच नव्हता.

पाठभेद राजकारणातूनही येतात. एसएनके या जपानी कंपनीचा १९८७ चा ‘गुरिल्ला वॉर’ जपानमध्ये ‘गेवारा’ या नावानं आला. चे गेवारा आणि फिडेल कॅस्ट्रो क्यूबात क्रांती करतात, असा तो खेळ. पाश्चात्त्य बाजारात जाताना दोन्ही नावं गळली, उरले दोन अनाम बंडखोर आणि एक अनाम बेट. शीतयुद्धाच्या शेवटच्या वर्षांत जपानी कंपन्या अमेरिकी गिऱ्हाइकासमोर काय बोलायचं टाळत होत्या, हे या दोन प्रतींमधल्या फरकात दिसतं. एकच प्रत हाती असणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही.

२. खेळ चित्रात नसतो, काळात असतो

इथपर्यंतचा मुद्दा कोणती प्रत निवडायची याचा होता. आता एकच प्रत घेतली आणि तिचा एकही अंक बदलला नाही, तरी प्रश्न सुटत नाही.

हे खेळ सेकंदाला सुमारे साठ वेळा पडदा नव्यानं काढतात, म्हणजे एका चौकटीला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. बटण दाबल्यापासून पात्र उडी मारेपर्यंत किती चौकटी जातात, यावर सगळा तोल उभा असतो. लेव्हल रचणाऱ्यानं गोळीचा वेग ठरवताना त्या काळच्या काचेच्या नळीचा टीव्ही आणि तारेनं जोडलेला कंट्रोलर धरला होता. नव्या यंत्रात एम्युलेटर थोडा वेळ खातो, सपाट टीव्हीची स्वतःची प्रक्रिया आणखी थोडा. तीन-चार चौकटींचा उशीर कागदावर क्षुल्लक दिसतो. पण खेळणाऱ्याला वाटतं, आपली बोटं म्हातारी झाली, किंवा खेळच पूर्वी वाटायचा तेवढा चांगला नव्हता. दोष आवृत्तीचा असतो आणि निकाल लागतो कलाकृतीविरुद्ध. हातात धरायच्या यंत्राचा इथे खरा फायदा आहे, कारण त्यात टीव्हीचा टप्पाच नसतो. म्हणून असे संग्रह हातातल्या यंत्रावर येणं ही केवळ सोय नाही. नीट केलं तर खेळ मूळ अनुभवाच्या जास्त जवळ जातो. असा उशीर कमी करणारं अपडेट नवं काही देत नाही, पण माझ्या मते नव्या खेळांपेक्षा ते मोलाचं असतं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जुन्या यंत्रांच्या मर्यादा खेळात मिसळून गेलेल्या असतात. एनईएसला, म्हणजे फॅमिकॉमच्या पाश्चात्त्य रूपाला, एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवता यायची. त्याहून जास्त झाली की ती लुकलुकायची. पडद्यावर फार गर्दी झाली की अनेक यंत्रं मंदावायची. याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे एसएनकेच्या निओ जिओ यंत्रावरचा १९९८ चा ‘मेटल स्लग २’. स्फोट, रणगाडे आणि सैनिक एकदम आले की तो अक्षरशः रांगतो. प्रोग्रामरच्या दृष्टीनं हा दोष. पण खेळणाऱ्याच्या दृष्टीनं तो श्वास घेण्याचा वेळ आहे: गोळ्या मंद होतात, वाट दिसते, नेम धरता येतो. आजच्या वेगवान प्रोसेसरवर हा मंदपणा काढून टाकणं शक्य आहे. काढला, तर गर्दीचे ते प्रसंग कोणीही न रचलेल्या वेगानं अंगावर येतात.

एसएनकेनं स्वतः या प्रश्नाला दिलेलं उत्तर मला आजही आदर्श वाटतं. १९९९ मध्ये त्यांनी ‘मेटल स्लग एक्स’ काढला. त्यात मंदपणा घालवला, पण तेवढ्यावर भागवलं नाही. वेग बदलला की तोल बदलतो हे ओळखून शत्रूंच्या जागा, शस्त्रं, काही ठिकाणी बॉससुद्धा नव्यानं मांडले. आणि त्याला वेगळं नाव दिलं. ‘मेटल स्लग २’ जागच्या जागी राहिला. दुरुस्ती करावी, तिच्या परिणामांची जबाबदारी घ्यावी, आणि दुरुस्तीला दुरुस्ती म्हणावं: संपादनाची ही सारी शिस्त त्या एका निर्णयात आहे.

३. जागेवर थांबण्यासाठीही काम लागतं

‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांची भूमिका नैतिकदृष्ट्या आकर्षक असली तरी ती अमलात आणता येत नाही. त्याचं कारण पडद्याच्या गणितात आहे.

२०१७ साली आलेल्या स्विचच्या स्वतःच्या पडद्यावर ७२० ओळी आहेत. एनईएसचं चित्र २४० ओळींचं; ते बरोबर तिप्पट होऊन बसतं. गेम बॉयचं चित्र १४४ ओळींचं. ते बरोबर पाचपट. त्यामुळे १९९१ चा गेम बॉयवरचा ‘ऑपरेशन सी’ असो की १९८८ चा ‘कॉन्ट्रा’, प्रत्येक ठिपका चौकोनी, धारदार आणि शेजाऱ्याएवढाच राहू शकतो. हा निव्वळ योगायोग, पण फार सुंदर योगायोग. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या स्विच २ चा पडदा १०८० ओळींचा आहे. आता २४० ला साडेचारनं गुणावं लागतं आणि १४४ ला साडेसातनं. अर्धा ठिपका काढता येत नाही. एक तर काही ठिपके शेजाऱ्यांपेक्षा मोठे होणार, किंवा कडा पुसट होणार, किंवा चौपट करून वर-खाली मिळून १२० ओळी काळ्या सोडाव्या लागणार. त्यात जुन्या स्विचसाठी लिहिलेला आणि अपडेट न झालेला संग्रह नव्या यंत्रात हातात धरून खेळला, की चित्र आधी ७२० ओळींत तयार होतं आणि मग दीडपट ताणलं जातं. संग्रहातला एकही अंक कोणी बदललेला नाही. तरी कालपर्यंत धारदार असलेलं चित्र आज मऊ झालं.

याचा अर्थ असा की यंत्र बदलत राहतं, म्हणून खेळ तसाच ठेवायचा असेल तरी आवृत्ती बदलावी लागते. कंपनीनं काही केलं नाही म्हणून खेळ जपला गेला, असं होत नाही. तो फक्त हळूहळू बिघडतो.

हाताचीही तीच गोष्ट. एसएनकेच्या १९८६ च्या ‘इकारी वॉरियर्स’च्या आर्केड यंत्रात दांडा गोल फिरवता यायचा. दांडा ढकलला की सैनिक चालायचा, फिरवला की नेमाची दिशा बदलायची. चालणं एकीकडे आणि नेम दुसरीकडे, हाच त्या खेळाचा प्राण. घरगुती कंट्रोलरवर असा दांडा नव्हता, म्हणून घरी आलेल्या आवृत्त्यांत तो प्राण गेला आणि ‘इकारी’ हा कंटाळवाणा खेळ असल्याचा समज पसरला. डिजिटल एक्लिप्स या कंपनीनं २०१८ मध्ये स्विचवर आणलेल्या ‘एसएनके फॉर्टीएथ अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’मध्ये डाव्या काठीनं चालायचं आणि उजव्या काठीनं नेम धरायचा, अशी सोय केली. ही काठी मूळ यंत्रात कुठेच नव्हती. तरीही मूळ खेळाचा अर्थ या बदलामुळेच परत आला. जसंच्या तसं देण्याच्या हट्टानं तो कधीच आला नसता.

४. संपादकाचं ऋण

संपादन कसं असावं याचा नमुना आपल्याकडेच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी १,२५९ हस्तलिखितं तपासली. त्या आवृत्तीची विश्वासार्हता केवळ वर छापलेल्या संहितेत नाही. खाली तळटीपांत प्रत्येक वगळलेला पाठ कोणत्या प्रतीत कसा आहे हे सांगितलं आहे, आणि वाचणाऱ्याला संपादकाशी मतभेद नोंदवायची सामग्री संपादकानंच दिली आहे, यात ती आहे. व्हिडिओ गेमच्या बाबतीत साऱ्या प्रतींमागची एक आदिप्रत शोधायचं कारण नाही, कारण इथे सगळ्याच प्रती त्याच कंपनीनं जाणूनबुजून काढलेल्या आहेत. पण तळटीप हवी, आणि नेमकी तीच नसते.

आज अपडेटसोबत काय येतं? ‘काही दोष दुरुस्त केले आहेत’, एवढं एक वाक्य. कोणते दोष? संग्रहाचे की खेळाचे? उशीर कमी केला की मंदपणा काढला? आवाजाचं एम्युलेशन बदललं का? काही सांगितलेलं नसतं. शिवाय नवं अपडेट जुन्याच्या जागी बसतं. स्विचवर मागच्या आवृत्तीकडे परत जायचा अधिकृत मार्ग नाही. तेव्हा किमान अपेक्षा अशी की खेळाच्या वर्तनात फरक करणारा प्रत्येक बदल लिहून द्यावा आणि मेनूतून बंद करता यावा. मंदपणा काढायचा तर काढा, पण खेळणाऱ्याला तो परत लावता आला पाहिजे. युरोपातले टीव्ही ५० हर्ट्झचे होते, त्यामुळे तिथे अनेक खेळ संथ चालायचे. मग ‘प्रोबोटेक्टर’ कोणत्या वेगानं चालवायचा? मला दोन्ही वेग हवेत, आणि कोणता निवडला आहे हे पडद्यावर लिहिलेलं हवं.

टिकण्याचा प्रश्न याहून कठीण आहे. विकत घेतलेल्या कार्डावर छपाईच्या दिवशीची आवृत्ती असते. पुढची सगळी भर सर्व्हरवरून येते. सर्व्हर कायमचे नसतात. निन्टेन्डोच्याच वी यंत्राचं ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं. त्याच कंपनीच्या वी यू आणि थ्रीडीएस यंत्रांवरची खरेदी २७ मार्च २०२३ ला थांबली. एखाद्या खेळाची सगळ्यात पुरी प्रत अपडेटमध्येच असेल, तर ती सगळ्यात नाजूक जागी ठेवलेली प्रत ठरते.

५. आपल्याकडची प्रत

महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात वाढलेल्या ज्यांनी ‘कॉन्ट्रा’ खेळला, त्यांतल्या बहुतेकांनी तो फॅमिकॉमची नक्कल केलेल्या स्वस्त यंत्रांवर खेळला. त्याला आपण सरळ ‘टीव्ही गेम’ म्हणायचो आणि पिवळी किंवा काळी ‘कॅसेट’ वर खोचायचो. एका कॅसेटमध्ये शेकडो, कधी हजारो खेळ असल्याचं छापलेलं असायचं. प्रत्यक्षात थोडेच खेळ पुन्हा पुन्हा मांडलेले असत. तोच ‘कॉन्ट्रा’ एकदा तीस जीवांसह, एकदा मधल्याच लेव्हलपासून सुरू होणारा. कोणी तरी, कुठे तरी, मूळ प्रोग्राममध्ये हात घालून केलेले हे बदल होते.

कायद्याच्या दृष्टीनं ती चोरी होती आणि मी तिचं समर्थन करत नाही. पण इतिहासाच्या दृष्टीनं आपल्याकडे प्रचलित असलेला पाठ तोच. कोनामीचा कोणताही संग्रह तो छापणार नाही. म्हणून ‘मूळ तसा खेळ’ मागणाऱ्या मराठी खेळाडूनं हे लक्षात घ्यावं, की आपल्याला आठवतो तो खेळ कोनामीनं कधी विकलाच नव्हता. अधिकृत संग्रहातली प्रत परकी वाटते ती यामुळे. आपल्या प्रतीची नोंद करायची तर ती आपल्याच अभ्यासकांना करावी लागेल.

६. आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप असा की ही मुलांची खेळणी आहेत, त्यांना ग्रंथांची शिस्त कशाला? चित्रपटांबद्दलही एकेकाळी हेच म्हटलं गेलं, आणि आपल्या मूकपटांतले बहुतेक आज शिल्लक नाहीत. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’नं २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी तिथे आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात मिळत नव्हते. ग्रंथालयांनी असे खेळ संशोधकांना दुरून पाहू द्यावेत, अशी सवलत तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. ग्रंथालयाची वाट अशी अडलेली असताना कायद्याच्या चौकटीत सामान्य माणसापर्यंत पोहोचणारी प्रत बहुधा कंपनीच्या संग्रहातलीच असते. कंपनीवरची जबाबदारी त्यामुळे वाढते.

दुसरा आक्षेप रसिकांचा: हवं तिथे सेव्ह करणं, मागे जाणं अशा सोयींनी खेळाचं काठिण्य मरतं आणि काठिण्य हाच त्याचा आत्मा आहे. यातला अर्धा भाग खरा आहे. पण काठिण्य ही पवित्र वस्तू कधीच नव्हती. आर्केडमध्ये ते नाण्यांच्या हिशेबानं ठरे, घरी बाजारपेठेच्या हिशेबानं. ‘हार्ड कॉर्प्स’ हा त्याचा पुरावाच. सवलतही तेवढीच जुनी. काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ची फॅमिकॉम आवृत्ती तपासताना स्वतःसाठी एक गुप्त कळक्रम घातला, आणि पुढे त्याच कळक्रमानं ‘कॉन्ट्रा’त तीन जीवांचे तीस केले. एसएनकेच्या संग्रहात तर खेळ आपोआप चालताना बघता येतो आणि मनात येईल त्या क्षणी सूत्रं हाती घेता येतात. हात थकलेल्या किंवा अपंग असलेल्या माणसालाही ‘इकारी’चा शेवट पाहता येतो, हे मला त्या खेळाचं भाग्य वाटतं. अट एकच: सोय न वापरणाऱ्याचा खेळ तिच्यामुळे बदलता कामा नये.

तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे. संगणकावर १९९७ पासून आर्केडचे खेळ चालवणारा ‘मेम’ हा एम्युलेटर आहे, हौशी लोकांनी सगळ्या प्रती जमवल्या आहेत, मग कंपन्यांकडून अपेक्षा का? हौशी लोकांचं काम थोर आहे आणि या क्षेत्रातलं पाठचिकित्सेचं बरंचसं ज्ञान त्यांनीच उभं केलं. पण कायद्याची टांगती तलवार डोक्यावर असलेलं ज्ञान शाळेत, ग्रंथालयात, प्रदर्शनात उघडपणे आणता येत नाही. कंपनीकडे हक्क आहेत आणि बऱ्याचदा कागदपत्रंही. हक्क सांगायचे आणि संपादन मात्र इतरांवर सोडायचं, हे मला मान्य नाही.

राहिला खर्चाचा मुद्दा. जुन्या खेळांतून फार पैसा येत नाही हे खरं. पण कोनामीनं जपानी आवृत्त्या मोफत दिल्या; एसएनकेच्या संग्रहातही प्रकाशनानंतर ‘टाइम सोल्जर्स’सह कित्येक खेळ मोफत वाढले. कुठला हक्क कोणाकडे आहे ते तपासणं, जुनी प्रत मिळवणं, ती नव्या यंत्रावर चालती करणं ही महागडी कामं तेव्हाच होऊन गेली होती. काय बदललं, कोणत्या प्रतीत आणि कशासाठी, हे सांगणारी दोन पानं लिहिणं त्या मानानं अगदीच स्वस्त. ज्या अभियंत्यांनी बदल केले त्यांना ते सगळं ठाऊक असतं, आणि कंपनीच्या अंतर्गत नोंदींत ते बहुधा लिहिलेलंही असतं. ती पानं खेळाच्या मेनूत ठेवावीत, एवढंच मागणं आहे.